स्नायूतली ओढ हाडापर्यंत पोचते कशी? कोस्टामिअर समजून घेण्याची आणि शिकवण्याची रीत

अकरावीला स्नायूंचा धडा शिकवताना एक प्रश्न बहुतेक वर्गांत विचारलाच जात नाही. ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात, सार्कोमिअर (स्नायूचं आखडणारं सर्वांत लहान एकक) आखडतो, त्याच्या दोन टोकांच्या झेड रेषा जवळ येतात आणि धडा संपतो. पण झेड रेषा जवळ आल्या म्हणून हात का उचलला जावा? सार्कोमिअर पेशीच्या आत आहे. त्याच्याभोवती पेशीपटल, त्याबाहेर संयोजी ऊती, मग कंडरा आणि शेवटी हाड. आतल्या ओढीने बाहेरचं हाड हलायचं तर ती ओढ पटलातून पार जायला हवी, आणि पटल तर मेदाच्या जेमतेम दोन रेणूंच्या जाडीचं. मग ते फाटत का नाही?

माझ्या मते स्नायू समजून घेण्याची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते. उत्तर आहे पटलाच्या आतल्या अंगाला, झेड रेषांच्या अगदी समोर बसलेल्या प्रथिनांच्या पट्ट्यांमध्ये. त्यांना कोस्टामिअर म्हणतात. गोव्यातल्या कुठल्याही उच्च माध्यमिक शाळेत असतो तो साधा सूक्ष्मदर्शक, बाजारातून आणलेली कुर्ली (खेकडा), कोंबडीचा तुकडा आणि एक जुना बनियन एवढ्यावर हा विषय दोन-तीन तासिकांत कसा उभा करायचा, ते इथे क्रमाने सांगते.

आधी ओढीची वाट मनात पक्की करा

स्लाइडला हात लावण्यापूर्वी शिक्षकाच्या डोक्यात ही साखळी स्पष्ट हवी, नाहीतर मुलांना नुसते पट्टे दिसतील आणि त्यांचा अर्थ लागणार नाही.

१९५४ साली ॲन्ड्र्यू हक्सली व निडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी ॲक्टिन-मायोसिनचे धागे सरकण्याची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. ओढ निर्माण कशी होते हे त्यातून कळलं. ती जाते कुठे, याचं तेव्हाचं उत्तर सरळ होतं: एका सार्कोमिअरकडून पुढच्याकडे, असं करत अख्ख्या स्नायूपेशीच्या, म्हणजे तंतूच्या, टोकापर्यंत आणि तिथून कंडऱ्यात. ही वाट खरी आहे. तंतूच्या टोकाशी पटलाला बोटांसारख्या असंख्य घड्या असतात. त्यांमुळे जोडणीचं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं आणि प्रत्येक बिंदूवरचा ताण कमी होतो.

पण ही एकच वाट असती तर मोठी अडचण झाली असती. मांडीतल्या सार्टोरियससारख्या लांब स्नायूंमध्ये कित्येक तंतू कंडऱ्यापर्यंत पोचतच नाहीत, मध्येच निमुळते होऊन संपतात. त्यांची ओढ कुठे जाते? बाजूला, म्हणजे पटलातून बाहेरच्या आवरणात आणि तिथून शेजारच्या तंतूंकडे. १९८३ साली सिबिल स्ट्रीट यांनी बेडकाच्या स्नायूवर काम करून तंतूतला ताण असा आडवा बाहेर उतरतो हे दाखवलं. त्याच वर्षी पार्डो, सिलिसियानो आणि क्रेग यांनी व्हिन्क्युलिन नावाच्या प्रथिनाची पटलालगतची जाळी शोधून तिच्यातल्या आडव्या पट्ट्यांना कोस्टामिअर हे नाव दिलं. या पट्ट्या झेड रेषांच्या नेमक्या समोर होत्या.

मला सगळ्यात भावतो तो १९९२ सालचा प्रयोग. उंदराच्या हृदयाच्या पेशी पातळ सिलिकॉन रबरावर वाढवल्या. पेशी आखडली की खालच्या रबरावर सुरकुत्या पडत, आणि त्या पडत कोस्टामिअरच्या जागीच. आतली ओढ बाहेर कुठे निघते, हे त्या सुरकुत्यांनी दाखवून दिलं. मुलांना हा प्रयोग जरूर सांगा. पुढे बनियनच्या पट्टीवर आपण हेच करणार आहोत.

ही आडवी जोडणी का लागते हे गोव्यातल्या मुलांना सांगायला रापण पुरे. किनाऱ्यावर रापण ओढताना जाळ्याचा एखादा दोरा तुटला तरी ओढ थांबत नाही, शेजारच्या गाठींतून वाट काढत पुढे जाते. स्नायूतही एखादा सार्कोमिअर कमजोर पडला किंवा तंतू मध्येच संपला तरी कोस्टामिअरच्या गाठी ओढ बाजूला वळवतात.

बाजारातून काय आणायचं

पट्टे दाखवण्यासाठी कुर्ली, पटल दाखवण्यासाठी कोंबडी. हे दोन्ही आणा, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

कोंबडीच्या आणि आपल्या स्नायूत सार्कोमिअर साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर लांब असतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला हे जेमतेम झेपतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला नेमकं काय शोधायचं ते कळत नाही. कुर्लीच्या नांगीतल्या, ती मिटवणाऱ्या स्नायूचे सार्कोमिअर बऱ्याचदा ६ मायक्रोमीटरच्याही वर असतात. तिथे पट्टे इतके रुंद दिसतात की १०च्या भिंगाखालीही त्यांची चाहूल लागते. मुलांची नजर आधी कुर्लीवर बसवा आणि मगच कोंबडीकडे वळा. सुंगटंही (कोळंबी) चालतील, पण त्यांच्या शेपटीतले जलद स्नायू बारीक पट्ट्यांचे असतात, त्यामुळे सोपेपणात कुर्लीची बरोबरी होत नाही.

माल ताजाच हवा. गोठवलेल्या मांसात बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि पटल पाहायला काही उरत नाही. बाजारात स्पष्ट सांगावं: "बाये, बर्फांतलीं नाकात, आयचीं दी." १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, पण खाजनातल्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीवरची, म्हणजे पाण्याच्या दारावरची, कुर्ली त्या काळातही मिळते, त्यामुळे हा पाठ पावसाळ्यात अडत नाही. कोंबडी सकाळी कापलेली घ्या, छातीचा लहानसा तुकडा पुरे.

स्लाइड कशी करायची

तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा कापा, आणि तो रेषांच्या दिशेने कापा. आडवा कापलात तर तंतूंची फक्त टोकं हाती येतील. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब घ्या: कोंबडीसाठी लिटरला ९ ग्रॅम मीठ, कुर्लीसाठी लिटरला ३० ग्रॅम. साध्या पाण्यात तंतू फुगतात.

आता दोन सुया घ्या. एकीने तुकडा दाबून धरा, दुसरीने तो रेषेच्या दिशेने उकलत जा. उकला, तुकडे करू नका. डोळ्यांना तंतू केसाहूनही बारीक दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवा. इथे घाई झाली की पुढचं सगळं फसतं. वर्गातल्या बहुतेक स्लाइड जाडीमुळे वाया जातात, रंगामुळे क्वचितच. तुकडा चिवट वाटला तर तो काही तास ७० टक्के स्पिरिटमध्ये ठेवा, मग तो सहज उकलतो.

मेथिलीन ब्लूचा एक थेंब द्या आणि मिनिटभराने टिपकागदाने जादा रंग शोषून घ्या. प्रयोगशाळेत नसेल तर शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. आच्छादन काच ठेवल्यावर तिच्यावर पेन्सिलीच्या रबराने हलकेच दोन-तीन टिचक्या मारा. तंतू आणखी उकलतात आणि काही ठिकाणी त्यांतले मायोफायब्रिल (सार्कोमिअरच्या रांगांचे बारीक धागे) सुटे होतात.

आधी १०चं भिंग, मग ४०चं. पट्टे दिसत नसतील तर भिंग बदलायच्या आधी मंचाखालची, प्रकाश कमी-जास्त करणारी झडप जवळजवळ मिटून घ्या. भगभगीत प्रकाशात पट्टे धुऊन जातात, मंद प्रकाशात उठून दिसतात. न रंगवलेली स्लाइडसुद्धा झडप मिटल्यावर बरंच काही दाखवते.

दोन पोलराइज्ड गॉगल हाताशी असतील तर आणखी एक गोष्ट करा. एक काच स्लाइडखाली दिव्यावर ठेवा, दुसरी डोळ्याच्या भिंगावर धरा आणि सगळं काळं होईपर्यंत फिरवा. मग स्लाइड तिरकी करा. तंतू साधारण ४५ अंशांवर आला की मायोसिनचे पट्टे अंधारात उजळतात आणि मधले काळेच राहतात. यासाठी रंग न दिलेली स्लाइड घ्या.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला असू शकतो. काम झालं की हात साबणाने धुवायचे, सूक्ष्मदर्शकाचा मंच आणि टेबल स्पिरिटने पुसायचं, आणि प्रयोगाचं मांस डब्यात परत जाऊ द्यायचं नाही.

भिंगाखाली काय शोधायचं

पट्टे मोजायला लावा. डोळ्याच्या भिंगावर दिसणाऱ्या वर्तुळाचं माप सांगणारा क्षेत्रांक लिहिलेला असतो. तो १८ असेल तर ४०च्या भिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर. एका पट्ट्याची रुंदी अंदाजण्याच्या फंदात न पडता १० किंवा २० पट्टे मिळून किती अंतर होतं ते पाहा आणि भागाकार करा. ताज्या कोंबडीत उत्तर २ मायक्रोमीटरच्या आसपास येतं.

यापुढचं निरीक्षण बहुतेक प्रयोगवह्यांत नसतं, पण आपल्या विषयाला तेच महत्त्वाचं. तंतूचा मधला भाग सोडा, कडा पाहा. आखडलेल्या तंतूची कड काही ठिकाणी सरळ नसते. पट्ट्यांच्या लयीत ती आत खेचलेली आणि बाहेर फुगलेली, अशी नागमोडी जाते. झेड रेषेच्या जागी पटल आत बांधलेलं आहे, म्हणून तिथे ते आत ओढलं जातं. दोन बांधांच्या मधला भाग मोकळा असतो, तो बाहेर फुगतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कोस्टामिअर दिसत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांना चमकणारा रंग लावून पाहावं लागतं. पण त्याने बांधलेल्या गाठीची खूण या कडेवर असते. हे निरीक्षण प्रत्येक स्लाइडमध्ये मिळत नाही. झडप मिटून, सूक्ष्म स्क्रू सावकाश पुढेमागे फिरवत, आखडून जाड झालेल्या तंतूंवर शोधावं लागतं. सापडलं की मात्र वर्गातली प्रत्येक मान त्या सूक्ष्मदर्शकाकडे वळते.

दुसरी शोधण्याजोगी जागा म्हणजे सुईने अर्धवट तुटलेला तंतू. कधीकधी आतला पट्टेदार भाग तुटून दोन बाजूंना आखडतो आणि मध्ये नुसता पारदर्शक पापुद्रा उरतो, न तुटलेला. विल्यम बोमन यांनी १८४० साली सार्कोलेमाचं, म्हणजे तंतूच्या या आवरणाचं, वर्णन केलं ते असंच काही पाहून. मुलांना विचारा: आतलं तुटलं तरी हा पापुद्रा टिकला कसा? दोन रेणूंच्या मेदाची ही ताकद नाही. पटलाला बाहेरून चिकटलेली बेसल लॅमिना आणि तिच्यातलं कोलॅजन यांची ती ताकद आहे. कोस्टामिअरचं काम ओढ पटलावर टाकणं हे नाही, पटलाच्या आरपार त्या मजबूत थरापर्यंत नेणं हे आहे. मुलांना एकच वाक्य लक्षात ठेवायला सांगायचं असेल तर मी हे सांगेन.

बनियनची पट्टी: आडवी ओढ हाताला जाणवण्यासाठी

जुन्या बनियनच्या कापडाच्या ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा. प्रत्येकीसाठी आठ रबरबँड एकमेकांत गुंफून साखळी करा. फळीवर ३० सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोका, साखळी ताणून त्यांत अडकवा आणि तिच्याखाली कापडाची पट्टी न ताणता पसरा.

पहिल्या पट्टीत साखळी फक्त दोन टोकांना शिवा. दुसरीत टोकांबरोबर प्रत्येक गाठीशी एकेक घट्ट टाका घाला. साखळी म्हणजे सार्कोमिअरची रांग, टोकं म्हणजे कंडरा, टाके म्हणजे कोस्टामिअर, आणि कापड म्हणजे पटल व त्याबाहेरचा मजबूत थर, दोन्ही एकत्र.

दोन्ही पट्ट्या खिळ्यांतून सोडवल्या की आखडतील. पहिलीचं कापड एकाच मोठ्या झोळात लोंबेल. दुसरीचं प्रत्येक दोन टाक्यांमध्ये छोटं फुगेल. मुलांना तिच्याकडे कडेने पाहायला सांगा. स्लाइडमधली नागमोडी कड त्यांना आपणहून आठवते, सांगावी लागत नाही.

आता एक टोक खिळ्याला, दुसरं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या स्प्रिंग बॅलन्सला लावा. पट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत ताणा आणि आकडा लिहून घ्या. तशीच धरून मधलं एक रबर कात्रीने कापा. चेहरा लांब ठेवा आणि चष्मा असेल तर घाला, तुटलेलं रबर उडतं. पहिल्या पट्टीत काटा शून्याजवळ येतो, कारण एक कडी गेली की सगळी साखळी गेली. दुसरीत काटा थोडासाच उतरतो. कापलेल्या जागी कापड सरळ होऊन ताणलं जातं, ओढ त्यातून पुढच्या टाक्यापर्यंत जाते आणि बाकीची सात रबरं ताणातच राहतात.

इथे थांबू नका. दुसऱ्या पट्टीतल्या कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे टाके उसवा आणि पुन्हा ओढा. आकडा आणखी उतरतो. जोर वाढवलात तर शिल्लक टाक्यांपाशी कापडाची वीण फाकू लागते. बांध कमी झाले की उरलेल्या बांधांवर सगळा भार येतो आणि पटल तिथे फाटतं. ड्युशेन हा स्नायू झिजवणारा आजार समजावण्याची ही पायरी आहे, ती गाळू नका.

या नमुन्याची एक मर्यादा मुलांना आवर्जून सांगा. रबर नुसतं आखडतं, स्नायू एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ओढतो. ओढीच्या वाटेपुरताच हा नमुना बरोबर आहे, ओढ कशी तयार होते त्यासाठी नाही.

आकृती आतून बाहेर काढायची

पुस्तकातली आकृती उतरवून घेण्यापेक्षा ओढ जिथून निघते तिथून सुरुवात करा. ॲक्टिनचा तंतू. तो झेड रेषेत अल्फा-ॲक्टिनिनने बांधलेला. झेड रेषेपासून शेजारच्या झेड रेषेकडे आणि पुढे पटलाकडे जाणारे डेस्मिनचे साधारण १० नॅनोमीटर जाडीचे तंतू. मग पटलाच्या आतल्या अंगाला कोस्टामिअर.

तिथून दोन वाटा काढा. एका वाटेवर गॅमा-ॲक्टिन, मग डिस्ट्रोफिन, मग पटलातून आरपार गेलेलं बीटा-डिस्ट्रोग्लायकन, बाहेर अल्फा-डिस्ट्रोग्लायकन आणि ते धरून ठेवणारं लॅमिनिन. डिस्ट्रोग्लायकनच्या शेजारी पटलात सार्कोग्लायकनचा गट. दुसऱ्या वाटेवर टॅलिन आणि व्हिन्क्युलिन, पटलातून आरपार जाणारं इंटेग्रिन, आणि बाहेर पुन्हा लॅमिनिनच.

मुलं दोन चुका हमखास करतात. डिस्ट्रोफिन पटलातून आरपार गेलेलं दाखवतात, पण ते पूर्णपणे आत असतं आणि आरपार जातं ते बीटा-डिस्ट्रोग्लायकन. दुसरी चूक म्हणजे डिस्ट्रोफिन थेट सार्कोमिअरमधल्या ॲक्टिनला जोडणं. ते पटलालगतच्या वेगळ्या, गॅमा प्रकारच्या ॲक्टिनला धरतं. या दोन जागा लाल पेनाने तपासा, बाकी आकृती थोडी वाकडी झाली तरी चालेल.

आकारमानाची कल्पनाही द्या. डिस्ट्रोफिनचं वजन ४२७ किलोडाल्टन, जनुकात ७९ एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) आणि लांबी वीस लाख बेसहून अधिक. मानवाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी हे एक. तरीही स्नायूतल्या एकूण प्रथिनात त्याचा वाटा सुमारे ०.००२ टक्के. इतकं थोडं असूनही ते नसेल तर स्नायू टिकत नाही.

एकेक कडी काढून पाहा

आकृती पूर्ण झाली की एकेक नाव खोडा आणि काय होईल ते मुलांना सांगू द्या.

डिस्ट्रोफिन खोडलं तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी. १९८७ साली हॉफमन, ब्राउन आणि कुंकेल यांनी या आजारात नसलेलं प्रथिन ओळखलं, तेच डिस्ट्रोफिन. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. बेकर प्रकारात प्रथिन आखूड बनतं, पण दोन्ही टोकं शाबूत राहिली तर आतलं ॲक्टिन आणि बाहेरचं डिस्ट्रोग्लायकन यांना ते अजून जोडू शकतं, म्हणून आजार सौम्य असतो. बनियनच्या पट्टीत हेही दाखवता येतं: टाक्याचा दोरा आखूड असला तरी गाठ आहे, आणि टाका नाही तर काहीच नाही. सार्कोग्लायकन खोडलं तर कंबर-खांद्याच्या स्नायूंपासून सुरू होणारी डिस्ट्रोफी. लॅमिनिनची स्नायूतली अल्फा-२ साखळी खोडली तर जन्मापासूनची. डेस्मिन बिघडलं तर स्नायूंबरोबर हृदयही. साखळी एकच, तुटण्याच्या जागा वेगळ्या, म्हणून आजारही वेगवेगळे.

इजा कोणत्या हालचालीने जास्त होते, हा प्रश्न पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या पायऱ्यांवर सोडवा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत ओढतो. उतरताना तो ओढत असतानाच लांब ताणला जातो. दम चढताना लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बहुधा उतरल्यामुळे. ताणलं जात असताना ओढण्यात पटलावर आणि झेड रेषांवर जास्त ताण येतो. निरोगी स्नायू ते भरून काढतो. डिस्ट्रोफिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूंत अशाच आकुंचनांनंतर पटलं फाटतात, हे १९९३ साली दाखवलं गेलं. फाटलेल्या पटलातून कॅल्शियम आत शिरतं आणि क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, रक्तात गळतं.

हा शेवटचा दुवा वर्गाबाहेरही उपयोगी पडतो, शिक्षकाला विशेष. लहान मुलगा वारंवार पडत असेल, पोटऱ्या जाड असूनही धावण्यात मागे राहत असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येत असेल, तर पालकांना शांतपणे बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा आणि रक्तातलं सीके तपासण्याविषयी विचारायला सांगा. एएसटी आणि एएलटी ही एन्झाइमं यकृताची म्हणून ओळखली जातात, पण ती स्नायूतूनही गळतात. त्यामुळे काही मुलांच्या यकृताच्याच तपासण्या दीर्घकाळ होत राहतात. कावीळ नाही, पण हे दोन आकडे वाढलेले आणि मूल चालण्यात मागे, असं चित्र असेल तर सीकेची तपासणी आधी व्हायला हवी. ते खूप वाढलेलं आढळलं तर पुढची पायरी डिस्ट्रोफिनच्या जनुकाची तपासणी. निदान पक्कं झाल्यावर व्यायाम ठरवताना जिने उतरणं, उतारावर चालणं अशा हालचालींबद्दल फिजिओथेरपिस्टशी बोलून घ्यावं.